सशाचं बटण

पिशवी उघडण्याआधी तिनं हात धुतले. मग मोबाइल बघितला, म्हणून परत धुतले.

संग्रहालयाच्या कापड-विभागात तिला सगळे सुई म्हणायचे. हातात सुई नसली तरी ती समोरच्या वस्तूकडे टोचल्यासारखी बघायची, म्हणून. बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतल्यापासून तर ही सुई फारच टोकदार झाली होती. खिडकी किती उघडी आहे, पंख्याचा खटका नीट बसलाय ना, कोण शिंकलं, कोणत्या खोलीत शिंकलं, सगळ्याची तिला खबर असे.

मोबाइलवर, त्या दिवशी लेकीला घरी सांभाळणाऱ्या सासूबाईंचा निरोप होता. "ठमीचं अंग कोमट लागतंय. पण खेळतेय. तू काळजी करू नकोस."

काळजी करू नकोस हे वाक्य वाचलं की तिची काळजी सुरू व्हायची. आणि कोमट म्हणजे किती? कोमट हा काही आकडा नाही. घरात थर्मामीटर होते, एकाला दुसऱ्याची साक्ष काढता यावी म्हणून दोन. पण सासूबाईंचा विश्वास हाताच्या पंजावर.

ठमी जन्मली तेव्हा लगेच रडली नव्हती. खोलीतले सगळे भराभर आपापलं काम करत होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि ही छताकडे डोळे लावून एकाच आवाजाची वाट बघत पडली होती. आवाज आला. अंमळ उशिरा, पण आला. मुलगी ठणठणीत आहे असं डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशीच सांगितलं, आणि ती ठणठणीतच होती. पण त्या शांततेत आईचा जो कान उघडा राहिला, तो अजून मिटायचं नाव घेत नव्हता.

पिशवीत लहान मुलाचा लोकरी कोट होता. जुन्या काळच्या मुलांच्या कपड्यांचं प्रदर्शन लागणार होतं आणि त्यासाठी एका आजींनी तो विश्वासानं दिला होता. द्यायचा म्हणजे पाहायला द्यायचा. कोट त्यांचा तो त्यांचाच. आज दुपारी त्या मांडणी बघायला येणार होत्या. संग्रहालयात लोकरीचं काहीही आलं की ते आधी प्लास्टिकमध्ये बंद करून मोठ्या फ्रीझरमध्ये जातं, उणे तीस अंशांवर. लोकरीत कसर असते, तिची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ती एका कोटातून दुसऱ्या कोटात गेली की पुढच्या पिढ्यांना दाखवायला नुसती भोकं उरतात. थंडीनं ती मरते, औषध लागत नाही, कापडाला धक्का बसत नाही. पद्धत इतकी साधी आणि इतकी सुरक्षित, की तिचा कोणी दोनदा विचार करत नसे. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवायची, खोलीच्या उबेला आणायची, आणि मगच उघडायची, नाहीतर गार कापडाला घाम फुटतो. हे सगळं तिनं अगदी नेमानं केलं होतं.

पहिली नजर कापडावर. रंग जागच्या जागी, शिवण घट्ट, कॉलरच्या आत आजींच्या आईनं घातलेला टाका न् टाका शाबूत. तिनं समाधानानं मान हलवली आणि नजर खाली आणली.

सहा बटणांच्या रांगेत खालून दुसरं बटण नव्हतं. होता तो दोरा, आणि दोऱ्याच्या भोवती करड्या भुकटीची एक लहानशी रास. उदबत्तीची राख पडावी तशी.

तिनं श्वास रोखला. भीतीनं नव्हे, भुकटी उडेल म्हणून. भीती त्यानंतर आली.

बटणं धातूची होती, फिकट चांदीच्या रंगाची, आणि प्रत्येकावर कान मागे टाकून बसलेला एक ससा होता. कोट आला तेव्हा याच बटणावर, सशाच्या पाठीवर, तिला तांदळाच्या कणीएवढा करडा फोड दिसला होता. मळ असेल, गंजोबाला दाखवू, असं म्हणेपर्यंत पाळणाघरातून फोन आला होता: ठमी झोपत नाहीये. ती गेली. कोट फ्रीझरमध्ये गेला.

गंजोबा म्हणजे धातू-विभागाचा माणूस. लग्नातही तो नवरानवरीऐवजी मांडवाच्या खांबांचा गंज बघत असतो, असं त्याची बायकोच सांगायची. सुई दारात उभी राहिली तेव्हा तो एका जुन्या कुलपाच्या पोटात डोकावत होता.

"चल," ती म्हणाली.

"कुठं? काय झालं?"

"चल ना."

रास बघून त्यानं चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर आणला, आणि त्याचा चेहरा उजळला. एखाद्याला अंगणात बिबट्या दिसावा आणि पळायचं सोडून त्यानं ठिपके मोजायला घ्यावेत, तसं काहीसं.

"अगं, कथील आहे हे. याला कथलाचा रोग म्हणतात. मी आजपर्यंत फक्त पुस्तकात बघितला होता. काय नशीब आहे बघ तुझं."

मग त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"दुपारी आजी येतायत," ती म्हणाली.

"अरे बापरे."

"रोग म्हणालास. लागण होते?"

गंजोबाला खोटं बोलता येत नसे, हीच त्याची अडचण होती. "होते. एका बटणाचा करडा कण दुसऱ्या चांगल्या बटणाला चिकटला आणि वर थंडी मिळाली, की तेही सुरू होतं."

तिनं स्वतःच्या हातमोज्यांकडे बघितलं. कोट पिशवीत घालताना तिनं सगळी बटणं एकेक करून सरळ केली होती. ठमीच्या दुपट्यावरून हात फिरवावा तशी, प्रेमानं. वरपासून खालपर्यंत आणि परत खालून वर.

"उरलेली पाच," ती म्हणाली. "तीही जाणार का? आज? उद्या? ते आधी सांग."

"आता उबेत आहेत, तेव्हा आज तरी काही होत नाही. बाकीचं बघून सांगतो. आधी हे तर बघ."

त्यानं चिमूटभर भुकटी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तिला बघायचं नव्हतं. तरी बघितलं.

राख नव्हती ती. राखेला आकार नसतो. इथे प्रत्येक कणाला कडा होत्या, पैलू होते, करड्या सपाट भिंती उजेड झेलत उभ्या होत्या. कोणीतरी शहर पाडावं आणि पडलेल्या प्रत्येक विटेचं स्वतंत्र घर व्हावं, तसं दिसत होतं. सशाचा मागमूस नव्हता.

"काय कमी झालं यातलं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. तोच तर चमत्कार आहे. जळलं नाही, गंजलं नाही, त्यात बाहेरून काही आलं नाही की त्यातून काही गेलं नाही. हे तेच कथील." गंजोबा स्टूल ओढून बसला. "असं समज, कथलाचे अणू म्हणजे माणसं, एका खोलीत दाटीवाटीनं उभी. खांद्याला खांदा. उबेत कथील असं असतं. चकचकीत, मऊ, वाकवलं तर वाकतं. आता तापमान तेरा अंशांच्या खाली गेलं, की त्यांना वेगळी रचना बरी वाटायला लागते. प्रत्येकानं चार शेजारी धरायचे, चारच, आणि हात पूर्ण ताणून. माणसं तीच, पण आता त्यांना जागा जास्त लागते. खोलीत मावत नाहीत. भिंती फुटतात."

"थंडीत लोक जवळ येतात."

"हे लांब सरकतात. उलट्या काळजाचा धातू आहे. पण गंमत अशी, की पहिला कोणी हात पसरायला धजत नाही. वर्षानुवर्षं थंडीत तसेच उभे राहतात, एकमेकांकडे बघत. एकानं पसरले, की शेजारच्याला कळतं कसं उभं राहायचं, मग त्याच्या शेजारच्याला. कोट आधी कुठं होता?"

"माळ्यावर. खूप वर्षं."

"मग तिथल्याच एखाद्या हिवाळ्यात पहिला हात पसरला गेला. तू बघितलास तो फोड म्हणजे तेच. आपल्या फ्रीझरनं बाकीच्यांना ढकललं."

ती अजून भिंगातून बघत होती. ठमीच्या बाबतीत तिला आकड्यांची भीती वाटायची: सदतीस म्हणजे ठीक, अडतीस म्हणजे डॉक्टर. एका अंशात काय एवढं, असं नवरा हसून म्हणायचा. आणि इथे, तिच्या नाकासमोर, निर्जीव म्हणावा असा धातू तेरा अंश ओळखत होता. कोणी न सांगता. त्याच्या आत दाटीनं उभे असलेले ते असंख्य कोणी, एका रेषेच्या वर एक होते आणि खाली दुसरेच. मागची भीती तशीच होती, पण तिच्या मागे आणखी काहीतरी येऊन उभं राहिलं, देवळाच्या गाभाऱ्यात वर बघितल्यावर वाटतं तसं.

गंजोबानं पिस्तुलासारखं दिसणारं क्ष-किरणांचं यंत्र आणलं आणि कोटावरच्या एकेका बटणावर धरलं. आकडे आले. त्याच्या भुवया वर गेल्या. शेवटी त्यानं भुकटीवर धरलं.

"तुझी पाच वाचली," तो म्हणाला. "त्यांच्यात शिसं मिसळलंय. कथलात शिसं असलं की हा रोग धरत नाही. भुकटी मात्र शुद्ध कथील. सहा भावंडांत हेच एक वेगळं का, ते मला विचारू नकोस."

पाच वाचली. आणि एक गेलं. हे आता आजींना सांगायचं.

विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी सांगू का त्यांना?"

"नको. मीच सांगते. फोड मी बघितला होता."

"बरं. खरं सांग. आणि खरं सांगून झालं की थांब. तुला थांबता येत नाही."

आजी आल्या त्या जिन्याला नावं ठेवत. "इतक्या पायऱ्या कशाला केल्यात? जुन्या वस्तू बघायला जुनीच माणसं येणार ना." टेबलापाशी त्या बसल्या, हातातली कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि कोटाकडे वाकल्या. सुईनं तोंड उघडलं, पण आजींचं बोट बटणांवरून निघालंसुद्धा होतं. एक, दोन, तीन, चार. बोट थांबलं.

"इथलं कुठंय?"

"आजी, ते सांगायचंच आहे मला."

"परत गिळलं की काय कोणी?"

सुईला काही कळेना. आजी हसल्या. "अगं, कोट माझ्या धाकट्या भावाचा. बाबा पत्र्याचे डबे, कंदील करायचे. पत्रे जोडायला जो डाख लागतो ना, त्यातूनच त्यांनी ही बटणं ओतली. सहाची सहा. तर त्या पठ्ठ्यानं एक तोडून गिळलं. आईनं मग किती दिवस त्याचं भांडं काडीनं ढवळून बघितलं."

"मिळालं?" सुईनं विचारलं. तिला राहवेना.

"छे. अजून आत असेल. म्हातारा झालाय, पण ससा काही बाहेर आला नाही. चुंबकालाही चिकटत नाही तो, नाहीतर बघितलं असतं."

गंजोबा तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळला. डाख म्हणजे कथील आणि शिसं. त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं.

"मग बाबांनी नवं ओतलं," आजी पुढे म्हणाल्या. "डाख संपला होता, घरात कथलाची कोरी सळई होती, तीच वितळवली. साचा मी धरला. दोन्ही हातांनी, फडक्यात. हलू नकोस म्हणाले, तर मी श्वास पण घेतला नाही. बाकीची पाच बाबांची आहेत, बाई. ते एक माझं."

सुईनं भुकटीची काचेची बशी पुढे ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"हे ते बटण आहे," ती म्हणाली. "कसर मरावी म्हणून मी कोट थंडीत ठेवला. बटणावर आधी एक डाग होता. तो मी बघितला आणि कोणाला विचारलं नाही."

आजींनी बशीत बघितलं.

"राख झाली."

"राख नाही, आजी. ते जळलेलं नाही. कथीलच आहे, सगळंच्या सगळं. तुम्ही धरलं होतं तेच." थांब, असं तिला मोठ्या बाईंनी बजावलं होतं. पण थांबून कसं चाललं असतं. ती सांगत गेली: दाटीनं उभी असलेली माणसं, ताणलेले हात, अपुरी पडलेली खोली. सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला, कारण ती ते पुन्हा बघत होती.

"म्हणजे थंडी वाजली त्याला," आजी म्हणाल्या.

"हो. मी वाजवली."

"मग ऊब दिली तर?"

गंजोबानं घसा साफ केला. "ऊब दिली की प्रत्येक कण पहिल्यासारखा होतो, आजी. त्याच्या आतली माणसं परत जवळ जवळ उभी राहतात. पण एक कण दुसऱ्या कणाला मात्र धरत नाही. भुकटी भुकटीच राहते. एकत्र यायचं तर वितळवावं लागेल. आणि वितळवलं तर ससा..."

"सशाचं मी बघते." आजींनी मांडीवरची पिशवी उघडली आणि दोरीनं एकत्र बांधलेले दोन चपटे, काळपट दगड टेबलावर ठेवले. "कोटाशेजारी ठेवता आला तर ठेवा म्हणून आणला होता. साचा आहे. मऊ दगड, बाबांनी सुरीनं कोरलाय."

दोरी सोडली. एका दगडात उलटा ससा बसला होता, कान मागे टाकून.

मोठ्या बाई पुढे आल्या. "आजी, वस्तू तुमची आहे, तुम्ही म्हणाल ते. पण ओतल्यावर ते जुनं बटण राहणार नाही. तसं पाटीवर लिहावं लागेल."

"लिहा की. थंडीनं फुटलं, परत ओतलं, असं लिहा. त्यात लाजायचं काय?"

धातू-विभागात धूर ओढून घेणारं कपाट होतं, त्याच्यात विजेची शेगडी. गंजोबानं लोखंडी पळीत भुकटी ओतली, बशी ब्रशनं झाडून शेवटचा कण घेतला, वर मळ सुटावा म्हणून राळेचा चुरा टाकला. साच्याचं तोंड भरायला बाटलीतल्या कोऱ्या कथलाचा एक तुकडा लागणार होता. आजींनी मान हलवली, तोही टाकला. साचा आजींनी मांडीवर घेतला होता आणि पदरात गुंडाळला होता.

"शेकतेय," त्या म्हणाल्या. "गार साच्यात कान उतरत नाहीत."

"आजी, नंतर जरा शेगडीवरही ठेवू या का?" गंजोबा अदबीनं म्हणाला.

"बाबाही हेच म्हणायचे. आधी मला शेकू द्यायचे, मग हळूच काढून चुलीवर ठेवायचे. मला वाटायचं माझ्यामुळेच होतंय."

साचा शेगडीवर गेला, तापला, आणि जाड हातमोजे घालून आजींनी तो परत दोन्ही हातांत धरला. मोजे त्यांना कोपरापर्यंत येत होते.

पळीत काही होत नव्हतं. राळ वितळली, धुराची एक रेघ वर गेली, तिच्याखाली भुकटी हट्टानं करडीच राहिली. सुई वाकून बघत होती. टेबलावर तिचा मोबाइल थरथरला, थांबला, परत थरथरला. तिला कळलं नाही. भुकटी काळवंडली. सगळं बिघडलं असं तिला वाटलं. मग कडेला मोहरीएवढा एक थेंब दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. ते एकमेकांकडे घरंगळले आणि एक झाले, आणि तिसऱ्याला त्यांनी ओढून घेतलं, आणि मग गंजोबानं काडीनं वरची मळकट साय बाजूला केली तर खाली आरसा होता. पळीभर आरसा. त्यात खिडकी होती, खिडकीबाहेरचं आभाळ होतं, आणि कडेला तिचा स्वतःचा चेहरा, लहान आणि वाकडा.

आत्ता ते कुठल्याच रचनेत नव्हते, तिच्या मनात आलं. ना दाटीत, ना हात ताणून. आत्ता ते कोणीही होऊ शकत होते.

"तू ओत," गंजोबा म्हणाला.

"मी?"

"तूच. हात स्थिर आहे तुझा. बघ."

तिनं बघितलं. खरंच स्थिर होता. तिनं पळी उचलली. आजींनी डोळे मोठे केले आणि श्वास धरला, आणि आरसा एका धारेत दगडाच्या तोंडात उतरला. वर राहिलेला थेंब क्षणभर चमकला आणि मग त्याच्यावर काठापासून मध्याकडे, फुंकर मारल्यासारखी, एक धूसर नक्षी धावत गेली. पानाच्या शिरांसारखी. डोळ्यांदेखत ते सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

कोणी बोललं नाही. ही शांतता तिच्या ओळखीची होती. ती छताकडे बघणार होती, पण या वेळी तिनं दगडाकडेच बघितलं.

"आता?" आजींनी विचारलं.

"आता उघडा."

दगड वेगळे झाले. ससा बसला होता. दोन्ही कान आले होते.

आजींनी मोजे काढले. बटण गार होईतो त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, मग उचललं, तळहातावर ठेवलं, आणि त्याला लागून आलेली साच्याच्या तोंडातली बारीक काडी हळूच मोडून घेतली. "ही बाबा मला द्यायचे. धरल्याबद्दल. इकडे ये. कान कर."

सुई वाकली. आजींनी काडी तिच्या कानाजवळ नेली आणि दोन बोटांनी वाकवली.

आवाज आला. बारीक, किरकिरा, दाटलेल्या गळ्यातून पहिल्यांदाच निघत असल्यासारखा.

"रडतंय," आजी म्हणाल्या. "चांगलं कथील असंच रडतं."

"आत थर सरकतात त्याचे," गंजोबा हलक्या आवाजात म्हणाला. "करडं असताना असा आवाज येत नाही. दाटीत उभं असेल तरच."

सुई तशीच वाकून उभी होती, डोळे मिटून. कपाळावरची बट गालावर आली होती, ती तिनं मागे केली नाही.

"परत एकदा," ती म्हणाली.

आजींनी काडी उलट्या बाजूला वाकवली. ती परत रडली.